जुनं कोकणी घर दुरुस्त करून वाढवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर पणजोबांनी बांधलेलं. ओटी, माजघर, दोन्ही अंगाला पडव्या, वर मंगळुरी कौलं. ते न पाडता आम्ही दुरुस्त केलं आणि मागीलदारी दोन खोल्या नि न्हाणीघर वाढवलं. तेव्हापासून मे महिन्यात आणि गणपतीत घर बघायला येणारे, लांबून फोन करणारे, नात्यातले, सगळेजण फिरून फिरून तेच विचारतात आणि मी तेच सांगते, म्हणून आता एकदा सगळं सलग लिहून काढलंय. मी इंजिनीअर नाही. घर करताना जे शिकलो आणि जाणत्या माणसांनी जे शिकवलं तेवढंच इथे आहे.

पाडून नवीन बांधलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, खरं सांगायचं तर कंत्राटदाराला तेच सगळ्यात सोपं पडतं. पण तुमच्या भिंतीतले चिरे कधीचेच खणून झालेत, वाहून आणून झालेत, लाकूड तोडून सुकून झालंय, म्हणजे पर्यावरणाला जो भार पडायचा होता तो ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी पडून गेलाय. घर पाडलं की ते सगळं राडारोडा होऊन कुठल्या तरी वहाळात जातं आणि नवीन घरासाठी पुन्हा सिमेंट, सळी, वाळू, चिरे सगळं पहिल्यापासून. जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला साधारण ७-८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. त्यामुळे पर्यावरणपूरक बांधकामातला सगळ्यात मोठा भाग माझ्या मते हाच, की जे उभं आहे ते उभं ठेवायचं. बाकी सोलर, बांबू वगैरे त्याच्यानंतर.

अर्थात प्रत्येक घर वाचतंच असं नाही. पाया खचून भिंत ओळंब्याच्या बाहेर गेली असेल, कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत तडा असेल आणि तो दर वर्षी रुंदावत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. भावनेपोटी धोका घेऊ नका.

सुरुवात कुठून करायची?

एक अख्खा पावसाळा घर बघण्यापासून. याच्यावर लोक नाराज होतात कारण पैसे हातात असतात, मे महिन्याची सुट्टी असते आणि काम लगेच काढायचं असतं, पण आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. घराचं दुखणं काय आहे ते जुलैमध्ये कळतं, मे महिन्यात सगळी घरं चांगलीच दिसतात.

काय बघायचं? पागोळ्या कुठे पडतात आणि तिथून पाणी कुठे जातं. झड कुठल्या बाजूने येते, बहुतेक ठिकाणी पश्चिम आणि नैऋत्य. भिंतीला ओल खालून चढतेय, वरून उतरतेय की बाजूने आत येतेय, कारण तिन्हीचे उपाय वेगळे आहेत. मी खडूने भिंतीवर ओलीची रेघ मारायचे आणि शेजारी तारीख लिहायचे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि मोबाईलमध्ये फोटो. त्यातून कळलं की माजघराची जी भिंत आम्ही सगळे "कुजलेली" समजत होतो तिला काहीच झालं नव्हतं. काही वर्षांपूर्वी अंगणात भिंतीला चिकटून सिमेंटचा कोबा घातला होता, त्यावर पडणारं पागोळ्यांचं पाणी उडून आणि कोब्याच्या फटीतून सरळ जोत्यात जात होतं. कोबा भिंतीपासून दोन फूट फोडला, तिथे खडी भरली, बाजूने उतार दिलेलं गटार काढलं. पुढच्या पावसाळ्यात ओल गुडघ्याच्या खाली आली, भिंतीला हात पण लावला नव्हता.

पेव्हर ब्लॉक घालून अंगण उंच करणाऱ्यांनी हे नीट वाचा. जुन्या घरांचं जोतं दोन-तीन फूट उंच ठेवायचे त्याला कारण होतं, अंगण वर आणलंत की ते जोतं तुम्हीच बुडवलंत.

परवानगी, कागद, भाऊबंद?

कोकणात हाच प्रश्न आधी यायला पाहिजे. घर बहुतेक वेळा सामाईक असतं, सात-बारावर नाहीतर घरपट्टीच्या नमुना ८ वर आजोबांचंच नाव असतं आणि वारस मुंबई, पुणे, बडोदा असे विखुरलेले. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, दुरुस्ती असली तरी घ्या, आणि खर्च कोण करतंय नि नंतर हक्काचं काय हे पण त्याच कागदावर लिहा. आमची सगळ्यात जास्त ताकद इथे गेली, पण कागद झाल्यावर सगळी भावंडं मनापासून कामाला लागली.

वाढीव बांधकामाला ग्रामपंचायतीत लेखी अर्ज करून तिथून पुढे काय लागतं ते विचारा, गावठाणाच्या बाहेर शेतजमिनीत घर असेल तर बिनशेतीचा विषय येतो. समुद्राकाठी घर असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, बघाच. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरचा ना-विकास पट्टा असतो, त्यात आधीपासून अधिकृत असलेलं घर दुरुस्त करता येतं पण आहे त्या जोत्याच्या बाहेर वाढवता येत नाही. परसातला फणस, आंबा, साग तोडून लाकूड काढायचा विचार असेल तर त्यालाही परवानगी लागते, आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी.

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का नको? सगळे तोच करतात.

करतात, आणि पाच-सात वर्षांनी पोपडे पडले की पुन्हा करतात.

जांभा दगड सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण भोकं तशीच राहतात. म्हणजे तो पाणी पिणार, हे धरूनच चालायचं. जुन्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात, त्या पावसाळ्यात पाणी घेतात आणि ऑक्टोबरपासून सोडतात. वरून सिमेंटचा कडक थर दिला की आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी येतं मात्र, खालून जमिनीतून येतं, गिलाव्याच्या बारीक चिरांमधून येतं. येताना क्षार घेऊन येतं, ते गिलाव्याच्या मागे साचतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा चिऱ्याच्या पापुद्र्यासकट सुटतो. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. मग लोक वॉटरप्रूफ रंग मारतात, त्याने तर उरलीसुरली वाट पण बंद होते.

चुन्याचा गिलावा पाणी अडवत नाही, येऊ देतो आणि जाऊ देतो. तो चिऱ्यापेक्षा मऊ असतो म्हणून काही बिघडलंच तर गिलावा जातो, चिरा वाचतो. गिलावा पुन्हा करता येतो, चिरा पुन्हा करता येत नाही.

आधीचा सिमेंट गिलावा काढायचा असेल तर हातछिन्नीनेच काढा, ब्रेकर मशीन लावलंत तर मातीच्या जोडातली भिंत आतून खिळखिळी होते. काढल्यावर एक हिवाळा-उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या, पांढरे क्षार वर आले की कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका, पाणी मारून धुवू नका, ते पुन्हा आत जातात. आणि गिलाव्यासाठी खाडीची वाळू वापरू नका. तिच्यात मीठ असतं, म्हणजे लोण्याला आपणच घरात बोलावल्यासारखं. आम्ही दगडाची क्रश वाळू धुऊन वापरली.

काही भिंती आम्ही गिलाव्याशिवाय नुसत्या चिऱ्याच्या ठेवल्यात, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्याने भरल्या. लांब वळचण असेल आणि झड लागत नसेल तर चिरा उघडाच चांगला.

चुना कुठून आणायचा आणि करायचा कसा?

कळीचा चुना पायजे, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे. पिशवीतली पांढरी पावडर, जी रंगाच्या दुकानात मिळते, ती बऱ्याचदा जुनी होऊन मेलेली असते, तिच्यात जोर नसतो. कळी पाण्यात टाकली की खदखदून उकळली पाहिजे, तीच तिची परीक्षा. विरवताना डोळ्याला चष्मा, हाताला हातमोजे, आणि पोरांना लांब ठेवा, हे मी फार कळकळीने सांगतेय कारण उकळता चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. कळी पाण्यात घालायची, कळीवर पाणी ओतायचं नाही.

विरलेला चुना गाळून हौदात पाण्याखाली ठेवायचा. किती दिवस? जितके जास्त तितकं बरं, आम्ही दीड महिना ठेवला, लोण्यासारखा झाला. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे विटांची भुकटी, नीट भाजलेल्या विटांची, ती घातली की चुना दमट हवेत सुद्धा धरतो, कोकणात ती लागतेच. जुन्या काळी चुना घाणीत दळायचे, बैल फिरवून. आम्हाला घाणी मिळाली नाही, मिक्सरमध्ये दळला, गवंडीकाकांनी त्यावर फावड्याने पुन्हा कुटला. गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घातला. मेथी, उडीद, बेलफळ घालणारे पण आहेत, पण सगळं एकदम घालू नका, छोट्या तुकड्यावर करून बघा, आठवडाभर थांबा, तडे गेले तर वाळू वाढवा.

पर्यावरणाच्या बाजूने बोलायचं तर सिमेंटची भट्टी साधारण १४५० अंशाला चालते आणि चुना ९०० अंशाच्या आसपास भाजतो. चुना भाजताना पण कार्बन डायऑक्साइड निघतो, ते लपवायचं कारण नाही, पण भिंतीवर बसल्यावर तो हवेतून त्यातला बराचसा परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. महिने लागतात त्याला. म्हणून काम दिवाळीनंतर काढायचं आणि फेब्रुवारीपर्यंत संपवायचं, उन्हाचा तडाखा लागायच्या आत, आणि आठ-दहा दिवस ओली गोणपाटं लावून ठेवायची. पावसाळ्यात चुन्याच्या गिलाव्याचं काम काढू नका, तो धरत नाही.

पण चुन्याचं काम येणारे गवंडी आहेत का अजून?

कमी आहेत. आमचे गवंडीकाका पासष्टीचे, लहानपणी वडिलांबरोबर केलेलं त्यांना आठवत होतं, पण हात बसायला पंधरा दिवस गेले. त्यांच्या हाताखाली गावातलेच दोन पोरगे दिले, ते आता दुसऱ्यांची कामं घेतात, आणि या सगळ्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. पहिली भिंत मागची घ्या, गोठ्याची घ्या, ओटीची शेवटी. चुकायला जागा द्या माणसाला.

छपरावर कौलं ठेवू, पत्रा घालू की स्लॅब टाकू?

स्लॅब नको. आमच्याच वाडीत बघा, स्लॅब टाकली, चार पावसाळ्यांत गळायला लागली, मग तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड. म्हणजे दोन छपरांचा खर्च. आणि मातीच्या जोडातल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर स्लॅबचं वजन टाकणं हे तसंही धोक्याचं.

कौलं की पत्रा हा मात्र खरा कठीण प्रश्न आहे कारण वांदर. वांदर कौलं फोडतात, दर वर्षी फोडतात, आणि घर बंद असेल तर एका फुटलेल्या कौलातून चार महिने पाणी वाशावर पडतं आणि वासा कुजतो. पत्र्याकडे वळणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. आम्ही मधला मार्ग काढला, जुन्या घरावर वाशांवर आधी पातळ पत्रा आणि त्यावर रिपा मारून जुनीच कौलं. फुटलं तरी पाणी आत येत नाही, उन्हाळ्यात पत्रा तापत नाही कारण वर कौल आहे आणि मधे हवा खेळते. खर्च वाढतो, आणि पत्रा हा काही पर्यावरणपूरक माल नाही, पण वासे वाचवायचे तर हे करावं लागलं.

मंगळुरी कौल म्हणजे काही आपलं पुरातन नव्हे बरं का. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तिथून ते किनाऱ्याने वर आलं. त्याआधी आपल्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं होती, गवत होतं, माडाची विणलेली झापं होती. म्हणजे कोकणी घराने नवीन माल नेहमीच घेतलाय, फक्त पावसाला पटेल तोच घेतलाय. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण "जसं होतं अगदी तसंच" हा हट्ट पण काही लोक धरतात.

वाऱ्याचं विसरू नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागातल्या कुणालाही विचारा, छपरंच्या छपरं उडाली. उडायला सुरुवात कडेपासून होते, म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळची कौलं तारेने रिपेला बांधा, कोणे, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यात पक्के बसवा, आणि वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतील तर लोखंडी पट्ट्यांनी खालच्या तुळईला जखडा.

जुने सिमेंटचे पत्रे असतील पडवीवर, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची खूप शक्यता आहे. ते फोडू नका, कापू नका, घासू नका. पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा, तोंडाला चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

लाकूड सगळं बदलायला लागेल का? वाळवीचं काय?

बहुतेक वेळा नाही. सुतार सांगेल सगळं बदला. तुम्ही पेचकस घेऊन प्रत्येक वासा, तुळई, खांब टोचून बघा, जिथे सहज आत जातो तिथे गेलेलं आहे. कुजतं ते बहुतेक भिंतीत गेलेलं टोक आणि खांबाचा जमिनीजवळचा बुंधा, मधलं लाकूड खणखणीत असतं. आमचे किंजळीचे आणि आइनाचे वासे होते, त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश तसेच पुन्हा चढले, काहींची फक्त टोकं कापून नवीन तुकडा सांधला. लागलं ते जास्तीचं लाकूड पाडलेल्या घरांचं घेतलं, कोकणात असं जुनं लाकूड विकणारे प्रत्येक तालुक्याच्या आसपास सापडतात, आणि ते नव्या कच्च्या लाकडापेक्षा शंभर पटीने चांगलं, वाळून वाळून आता वाकायचं राहिलेलं नाही.

वाळवीसाठी खांब थेट मातीत नको, खाली दगड पाहिजे. भिंतीला टेकून लाकडं, नारळाची सोडणं, गोणी रचून ठेवू नका. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे आणि ती चालते, फक्त ते तेल अंगाला लागलं तर भाजतं, सांभाळून. मातीच्या बोगद्यांची रेघ भिंतीवर दिसली की लगेच मोडा आणि ती कुठून आली ते शोधा.

घर वाढवताना नवीन खोल्या जुन्या भिंतीला कशा जोडायच्या?

जोडायच्याच नाहीत. शेजारी उभ्या करायच्या.

जुनं घर आपल्या पायावर बसून-दबून स्थिर झालेलं असतं, नवीन पाया अजून बसायचा असतो. दोन्ही भिंती एकमेकांत गुंफल्या तर नवीन खाली बसताना जुनीला ओढते आणि सांध्यावर तडा जातो, जाणारच. आमच्या इंजिनीअरने दोन्हींच्या मधे इंचभर फट ठेवायला लावली, ती वरून पत्र्याच्या झाकणाने झाकली, आतून लाकडी पट्टी. नवीन पाया जुन्याच्या अगदी खेटून आणि त्याच्यापेक्षा खोल खणू नका, जुन्या पायाखालची माती सुटते. पावसाळ्यात तर अजिबात नको.

दुसरं म्हणजे छप्पर. दोन छपरं एकमेकांकडे उतरून मधे पन्हळ, असं करू नका. त्या पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला अडकतो आणि आषाढात सगळं पाणी माजघरात. नवीन छप्पर जुन्या वळचणीच्या खाली सरकवा आणि बाहेरच्या बाजूला उतरवा. नाहीतरी कोकणी घर असंच वाढत आलंय, आधी मधलं घर, मग गरज पडेल तशी एकेक पडवी. आमच्या मागच्या खोल्या म्हणजे खरं तर मोठी पडवीच आहे.

भूकंपाचं पण बोलते कारण लोक विसरलेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप चिपळूण-संगमेश्वरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. नवीन भिंतींना जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे सलग पट्टे द्या, काँक्रीटचे, घराला कमरपट्टा बांधल्यासारखे. कोपऱ्यात लांब चिरे आडवे-उभे गुंफा. जुन्या घरात छपराखाली लाकडी तुळई सगळीकडून जोडलेली असेल तर तिचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी पक्के करा.

नवीन भिंतींना कुठला माल?

चिराच घ्या असं पटकन तोंडात येतं, पण थांबा. चिरा म्हणजे सडा, आपलं कातळाचं पठार, खणणं. आपले सडे ओसाड दिसतात, पण पावसात त्यांच्यावर जी फुलं येतात ती दुसरीकडे नाहीत, गावच्या विहिरींना पाणी त्याच कातळातून झिरपून येतं, आणि बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं पण तिथेच आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत. किती शिल्पं अजून झाडोऱ्याखाली असतील. म्हणून आम्ही आधी जुने चिरे शोधले, पडलेला गोठा, मोडलेला दगडी कुंपणाचा गडगा, शेजारच्या पाडलेल्या घराचे. निम्म्याहून जास्त भिंत त्यातच झाली. राहिलेले जवळच्या खाणीतून घेतले.

लॉरी बेकर, ज्यांनी केरळात आयुष्यभर स्वस्त आणि साधी घरं बांधली, ते सांगायचे की घराचा माल पाच मैलांच्या आतला असावा हे गांधीजींनी त्यांच्या मनात भरवलं. आम्ही तोच नियम धरायचा प्रयत्न केला, सगळीकडे जमलं नाही.

आतल्या आडभिंती बांबूच्या केल्या, कुडाच्या, वर माती-शेणाचा लेप नि चुन्याचा हात. माणगा बांबू आपल्याकडे भरीव येतो, मजबूत असतो. तीन वर्षांच्या वरचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवा, नाहीतर भुंगा दोन वर्षांत पीठ पाडतो. कुडाळला कॉनबॅक ही संस्था बांबूवरच काम करते, तिथे जाऊन एकदा बघून या, बांबू म्हणजे गरिबाचं घर हा समज जातो. दाबून केलेल्या मातीच्या विटा पण चांगल्या, त्यात साधारण पाच टक्केच सिमेंट लागतं आणि भट्टी लागत नाही, पण त्यासाठी माती तपासून घ्यावी लागते आणि मशीन आणावं लागतं. दोन खोल्यांसाठी आम्हाला ते परवडलं नाही.

म्हणजे सिमेंट अजिबात वापरलं नाही?

वापरलं. पट्ट्यांना, नवीन पायात, सेप्टिक टँकला, न्हाणीघराच्या जमिनीला. फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, असलेलं पीपीसी सिमेंट घेतलं. जिथे सिमेंटशिवाय पर्याय नाही तिथे ते नीट, व्यवस्थित पाणी मारून वापरा, आणि बाकी ठिकाणी हात आवरा.

जमिनीचं काय केलं?

ओटीवर आणि माजघरात सारवणच ठेवलंय, पण खरं आहे की रोज राहणारं माणूस घरात असेल तरच सारवण टिकतं. बंद घराला जमत नाही. नवीन खोल्यांत शहाबादी फरशी, खाली खडी, वाळू आणि चुना. जुन्या खोलीत चकचकीत टाइल्स सिमेंटवर बसवल्या की जमिनीतली ओल फरशीतून वर यायची थांबते आणि भिंतीतून चढायला लागते, हे बऱ्याच घरांत झालेलं मी बघितलंय.

संडास-बाथरूम घरात घेतलं का?

घेतलं, आई-बाबांसाठी घ्यायलाच हवं होतं, रात्रीचं पावसात परसात जाणं त्यांना होत नव्हतं. पण नवीन भागात, जुन्या भिंतीला पाण्याचा पाइप लागणार नाही अशा बेताने. शोषखड्डा विहिरीपासून वीस मीटरच्या पुढे आणि उताराच्या खालच्या अंगाला. कातळाच्या भेगांतून घाण पाणी लांबवर जातं, त्यामुळे शेजाऱ्याची विहीर पण मोजा. आंघोळीचं-भांड्यांचं पाणी वेगळं काढून केळींना सोडलंय.

पावसाचं पाणी साठवावं का? इतका तर पडतो.

पडतो आणि वाहून जातो, आणि एप्रिलमध्ये त्याच वाडीत टँकर येतो. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर धरा, वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी त्यावर पडतं. शंभर मिलीमीटर पावसाच्या एका दिवसात दहा हजार लिटरची टाकी जवळजवळ भरते. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, छपरावरची घाण त्यात येते. टाकी भरल्यावरचं पाणी आम्ही गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवतो.

सोलर कौलांवर बसतं का?

बसतं, पण जुन्या वाशांवर मला धीर झाला नाही. नवीन छपराची दक्षिणेकडची बाजू त्यासाठीच मजबूत केली, तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याच्या वर ७८ हजार अशी सबसिडी ठरलेली आहे. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा, आजोबांच्या नावावर असेल तर तिथेच अडतं. वायरिंग जुन्या भिंती खोदून आत घालू नका, वरूनच पाइपातून न्या.

खर्च किती आला?

आकडा सांगून उपयोग नाही, तुमचं घर गाडीरस्त्यापासून किती लांब आहे यावरच निम्मं ठरतं. एवढं सांगते की आमच्याकडे निम्म्याहून जास्त पैसे मजुरीत गेले. मालाला कमी लागलं, माणसांना जास्त लागलं, आणि ते पैसे गावात राहिले याचं समाधान आहे. एकदम सगळं काढायची गरज नाही, आधी पाणी आणि छप्पर, मग भिंती, मग वाढीव खोल्या. आम्हाला तीन हिवाळे लागले.

पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्याला हेच चालेल का?

चुना, ओल, नवीन भाग सुटा ठेवणं, हे चालेल. पण वाड्यात लाकडी सांगाडा, विटा, पांढरी माती असते, भार खांबांवर असतो, भाडेकरू असतात. तिथे वाड्यांचं काम केलेला आर्किटेक्टच गाठा.

नंतर देखभाल किती लागते?

दर वर्षी लागते आणि ती टाळता येत नाही. मे महिन्यात शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलणं, पाला काढणं, तारा बघणं. मिरगाच्या आधी पन्हळी आणि गटारं साफ, झडीच्या बाजूला झापं. पावसाळ्यात एकदा तरी कुणीतरी येऊन आतून छप्पर बघायचं, शक्य नसेल तर शेजाऱ्यांना चावी द्या आणि फोन करून विचारा. गणपतीआधी आतून चुन्याचा एक हात. दिवाळीनंतर भिंती बघून जिथे दर्जा निघाल्या असतील तिथे भरून घ्यायच्या, त्यासाठी थोडा विरलेला चुना मडक्यात पाण्याखाली कायम ठेवा, तो वर्षानुवर्षं खराब होत नाही. आणि काम चालू असतानाच जुनी चांगली कौलं दोनशे तरी माळ्यावर रचून ठेवा. हल्लीच्या कौलांचं माप आणि खाचा जुन्यांशी जुळत नाहीत, एक जरी वेगळं बसवलं तरी तिथूनच गळतं.